इमारतीतील दिव्यांचा वीजवापर: हिशेब आणि मोजणी यांत फरक का पडतो

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ३,६०० चौरस मीटरच्या कार्यालयीन इमारतीत ३६ वॉटचे ६०० एलईडी दिवे आहेत. रोज १० तास आणि वर्षाला ३०० दिवस धरून तुम्ही दिव्यांचा वार्षिक वापर ६४,८०० युनिट (किलोवॉट-तास) काढलात. कंत्राटदाराने क्लॅम्प मीटर लावून भार २४ किलोवॉट असल्याचे सांगितले आणि त्याच तासांनी गुणून ७२,००० युनिटांचा आकडा दिला. यांतला कोणता आकडा धरावा आणि दिव्यांसाठी स्वतंत्र मीटर बसवल्याशिवाय खरा वापर कळेल का, असे तुम्ही विचारले आहे. काही दिवे जागचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर आहेत आणि काही डीबीमध्ये, म्हणजे वीज वाटणाऱ्या पेट्यांत, दिव्यांची व सॉकेटची सर्किटे एकत्र आहेत, हेही तुम्ही लिहिले आहे.

दोन्ही आकड्यांत ऊर्जा मोजलेली नाही. पहिल्यात दिव्यावर छापलेले वॉट आहेत, दुसऱ्यात एका क्षणाचा प्रवाह आहे, आणि ३,००० तास दोन्हींमध्ये गृहीत धरलेले आहेत. ऊर्जा म्हणजे शक्ती गुणिले वेळ, हे आपण सगळेच जाणतो. पण दिव्यांच्या बाबतीत या दोन घटकांचा स्वभाव अगदी वेगळा आहे. एका दिव्याची शक्ती सहसा स्थिर असते आणि चांगल्या मीटरने ती एका दुपारी मोजून होते. तास मात्र खोलीगणिक, माणसागणिक आणि ऋतूगणिक बदलतात. मी ज्या इमारतींत हे काम केले, तिथे हिशेब चुकल्याचे कारण बहुतेक वेळा तासांत सापडले, तरी सगळा वाद वॉटवरच चाललेला असे. तुमच्याकडेही तसेच होत असावे असे मला वाटते.

आधी वॉटचा वाद मिटवू, कारण तो लवकर मिटण्यासारखा आहे. २४ ला ०.९ ने गुणले की बरोबर २१.६ येतात आणि ६०० दिव्यांचे ३६ वॉटप्रमाणे २१.६ किलोवॉटच होतात. एलईडीला योग्य वीज पुरवणाऱ्या ड्रायव्हरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे खरी शक्ती भागिले व्होल्टेज-प्रवाहाचा गुणाकार, ०.९ च्या आसपास असणे अगदी नेहमीचे आहे. त्यामुळे कंत्राटदाराने केवळ प्रवाह मोजून त्याला व्होल्टेजने गुणले असावे, म्हणजे आलेला आकडा खऱ्या शक्तीच्या किलोवॉटचा नसून नुसत्या त्या गुणाकाराचा, केव्हीएचा, असावा, असा माझा दाट संशय आहे. साधा क्लॅम्प मीटर प्रवाह दाखवतो. व्होल्टेज आणि प्रवाह यांच्या तरंगांचा मेळ किती आहे हे त्याला कळत नाही. ड्रायव्हर घेत असलेला प्रवाह शुद्ध साइन तरंगासारखा नसतो, म्हणून मीटर ट्रू आरएमएस प्रकारचा (कोणत्याही आकाराचा तरंग बरोबर मोजणारा) नसेल तर प्रवाहाच्या आकड्यातही चूक शिरते. व्होल्टेजच्या तारा जोडून खरी शक्ती वॉटमध्ये दाखवणारा मीटर वापरावा आणि दिवे लावल्यावर निदान अर्धा तास थांबून नोंद घ्यावी, कारण गरम होईपर्यंत एलईडीची शक्ती थोडी बदलत राहते. जुन्या चोकच्या ट्यूबलाइटशी तुलना करायची असेल, तर ३६ वॉटच्या नळीला चोकचे नुकसान धरून सुमारे ४५ वॉट लागत असत, हे विसरू नये. नळीवर छापलेला आकडा फक्त नळीचा असतो.

आता तासांकडे येतो. समजा, तुमच्या ६०० पैकी ६० दिवे जिने, मार्गिका आणि तळघरात असून ते अहोरात्र चालू राहतात. ३,००० तास धरून त्यांचा वापर ६,४८० युनिट येतो. प्रत्यक्षात वर्षाचे ८,७६० तास चालले, तर तो सुमारे १८,९२० युनिट होतो. केवळ दहा टक्के दिव्यांमुळे एकूण अंदाज १२,४०० युनिटांहून अधिक, म्हणजे सुमारे १९ टक्के, चुकतो. पॉवर फॅक्टरमुळे पडलेला फरक ११ टक्क्यांचा होता, हे लक्षात घ्यावे. उलट बाजूने, बैठकीच्या खोल्या आणि स्वच्छतागृहे सेन्सरवर असतील तर तिथले तास ३,००० पेक्षा पुष्कळ कमी असू शकतात. एक जादा आणि एक उणे होऊन बेरीज योगायोगाने जुळतेही. असा जुळलेला आकडा मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण त्यानंतर मार्गिकेतले दिवे रात्रभर का जळतात हे पाहायला कोणी जात नाही.

बंद दिव्यांचाही वापर असतो. आदेशाची वाट पाहत जागा राहणारा ड्रायव्हर, सेन्सर आणि नियंत्रक यांना थोडी वीज सतत लागते. प्रत्येक दिव्यामागे अर्धा वॉट धरला, तर ६०० दिव्यांचे ३०० वॉट झाले आणि वर्षातल्या ५,७६० बंद तासांत १,७२८ युनिट खर्च झाले. आणीबाणीच्या दिव्यांतल्या बॅटऱ्यांचे चार्जिंग वेगळे. तुमच्या ६४,८०० मध्ये यांतले काहीच नाही. ईएन १५१९३-१ या युरोपीय मानकात म्हणूनच वापराचे दोन भाग केलेले आहेत: उजेडासाठी लागणारी ऊर्जा, आणि नियंत्रण व आणीबाणी चार्जिंग यांसाठी लागणारी ऊर्जा. दोहोंची बेरीज करून क्षेत्रफळाने भागले की दर चौरस मीटरला वर्षाकाठी किती युनिट लागतात तो निर्देशांक मिळतो; त्याला लेनी म्हणतात. तुमच्या हिशेबाने उजेडाचा भाग १८ येतो. उजेडाची ऊर्जा काढताना हे मानक शक्तीला दिवसाच्या व रात्रीच्या तासांनी वेगवेगळे गुणते आणि त्यावर माणसांची उपस्थिती, नैसर्गिक प्रकाश आणि प्रकाशपातळी स्थिर राखणारे नियंत्रण यांचे गुणांक लावते. कार्यालयासाठी दिवसाचे २,२५० आणि रात्रीचे २५० तास हे त्यातले नेहमीचे गृहीतक आहे. आराखडा करताना दोन पर्यायांची तुलना करण्यासाठी ते उपयोगी पडते. उभ्या इमारतीसाठी मात्र हे तास म्हणजे मोजणी नव्हे. त्याच मानकात प्रत्यक्ष मीटरने मोजण्याची पद्धतही स्वतंत्रपणे दिलेली आहे.

मोजणी कशी करावी याचे उत्तर तुमच्या वायरिंगवर आणि आकडा कशासाठी हवा आहे यावर अवलंबून आहे. दुसरी गोष्ट आधी ठरवावी. दिवे बदलल्याने झालेली बचत सिद्ध करायची असेल, तर बदललेली गोष्ट शक्ती आहे, म्हणून ती काटेकोर मोजावी. तास दोन्ही वेळी सारखे राहिले एवढे दाखवले तरी पुष्कळदा चालते. सेन्सर बसवल्याचा परिणाम पाहायचा असेल तर नेमके उलटे करावे लागते. आयपीएमव्हीपी या मापन व पडताळणीच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत ए हा पर्याय याच विचारावर उभा आहे: महत्त्वाची राशी मोजायची, उरलेली सकारण गृहीत धरायची. त्या पर्यायाचा गैरवापर होतो तो इथेच. जी राशी बदलली तीच गृहीत धरली जाते आणि न बदललेली मोजून दाखवली जाते. वर्षभराचा एकूण वापर कळावा आणि उधळपट्टी कुठे आहे ते सापडावे, हा तुमचा हेतू दिसतो. त्यासाठी शक्ती आणि तास दोन्ही हवेत.

ज्या डीबीमध्ये दिव्यांची सर्किटे वेगळी आहेत, तिथे उपमीटर बसवणे सर्वांत सरळ. जिथे सॉकेट मिसळलेले आहेत, तिथे संपूर्ण डीबीचा मीटर काही कामाचा नाही. दिव्यांच्या प्रत्येक एमसीबीतून (सर्किटच्या स्वयंचलित स्विचमधून) बाहेर पडणाऱ्या तारेवर छोटा सीटी, म्हणजे प्रवाह मोजण्याजोगा लहान करून देणारा करंट ट्रान्सफॉर्मर, घालून अनेक सर्किटे एकत्र मोजणारा मीटर वापरावा. सीटीची निवड निष्काळजीपणे होते आणि पुढे वर्षभर चुकीचे आकडे येत राहतात. एका सर्किटवर २० दिवे, म्हणजे ७२० वॉट. २३० व्होल्टला ०.९ पॉवर फॅक्टर धरून प्रवाह साधारण ३.५ अँपिअर. हाताशी आहे म्हणून १०० अँपिअरचा सीटी घातला, तर तो त्याच्या क्षमतेच्या साडेतीन टक्क्यांवर चालतो. क्लास १ या अचूकतेच्या श्रेणीतल्या सीटीला पाच टक्के भारावर तीन टक्क्यांपर्यंत चूक मुभा म्हणून दिलेली असते आणि त्याखाली तर कसलीच हमी नसते. लहान सीटी मिळत नसेल, तर तीच तार सीटीतून चार वेळा फिरवून घ्यावी आणि वाचन चारने भागावे; प्रवाह सीटीच्या दृष्टीने चौपट होतो आणि तो विश्वासार्ह टप्प्यात येतो.

बसवलेला मीटर तपासल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नये. एका इमारतीत तीन फेजच्या दिव्यांच्या उपमीटरवर वापर अपेक्षेच्या एक तृतीयांश येत होता आणि नव्या दिव्यांमुळे एवढी घट झाली म्हणून सगळे समाधानी होते. मी संध्याकाळी डीबीसमोर उभा राहून एकेका फेजचे एमसीबी पाडायला सुरुवात केली. पहिल्या फेजचे दिवे गेले, मीटरवरचे किलोवॉट कमी झाले. दुसऱ्या फेजचेही तसेच. ते एमसीबी परत चढवले आणि तिसऱ्याचे पाडले, मजल्याचा एक पट्टा अंधारात गेला, आणि मीटरवरचा आकडा वाढला. त्या फेजचा सीटी उलटा बसवलेला होता. दोन फेजची बेरीज होत होती आणि तिसरा वजा होत होता. भार समतोल असल्यामुळे उत्तर बरोबर एक तृतीयांश येत होते. दोन सीटींच्या तारांची अदलाबदल झाली असेल, तर पॉवर फॅक्टर १ च्या जवळ असलेल्या समतोल भारावर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. ती चूक निदान लगेच डोळ्यांत येते. उलटा सीटी मात्र पटण्यासारखा आकडा देतो. म्हणून एकेक फेज बंद करून पाहण्याची ही दहा मिनिटांची तपासणी मी कधीही टाळत नाही, आणि तुम्हीही टाळू नये असे कळकळीने सांगतो.

दुसरी तपासणी मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या लाल ठिपक्याची. मीटरवर एका युनिटला किती स्पंदे ते छापलेले असते. समजा, ती १,६०० आहेत आणि घड्याळ लावून ९० सेकंदांत २० स्पंदे मोजली. २० भागिले १,६०० म्हणजे ०.०१२५ युनिट, ९० सेकंद म्हणजे ०.०२५ तास, म्हणून भार ५०० वॉट. मीटर सीटीवर असून त्यात सीटीचे गुणोत्तर (तो प्रवाह किती पटींनी लहान करतो ते) भरलेले नसेल, तर हा आकडा त्या गुणोत्तराने गुणावा लागतो. चालू असलेले दिवे मोजून त्यांच्या वॉटशी ताळा पाहावा. फरक १.५ किंवा २ अशा ठळक पटीत आला, तर मीटरमध्ये भरलेले गुणोत्तर प्रत्यक्ष सीटीशी जुळत नाही असे समजावे. १५०/५ चा सीटी बसवून मीटरमध्ये १००/५ भरलेले मी एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे.

सगळीकडे मीटर बसवणे शक्य नसेल, तर नमुने घ्यावेत. छताला चिकटणारे छोटे लॉगर मिळतात. दिवा केव्हा लागला आणि केव्हा गेला याची वेळ ते नोंदवतात. लॉगर दिव्यागणिक लावायचे नसतात, नियंत्रणाच्या गटागणिक लावायचे असतात. एका बटणावरचे किंवा एका सेन्सरवरचे सगळे दिवे एकाच वेळी लागतात, म्हणून त्यांच्यापैकी एकावर लॉगर पुरतो. गट किती निवडावेत याचे संख्याशास्त्र सोपे आहे. ९० टक्के विश्वासपातळीवर १० टक्के अचूकता हवी असेल आणि गटागटांतल्या तासांचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) सरासरीच्या निम्मे असेल, तर मोठ्या समूहातून ६८ नमुने लागतात. एकूण गट १२० च असतील तर ४४ पुरतात. पण विचलन सरासरीच्या चतुर्थांश असेल, तर मोठ्या समूहालाही १७ पुरेसे होतात. म्हणून आधी जागांची वापरानुसार नीट विभागणी करावी: मार्गिका वेगळ्या, बैठकीच्या खोल्या वेगळ्या, खिडकीजवळची टेबले वेगळी, आतली वेगळी. सारख्या वागणुकीच्या जागा एकत्र आल्या की विचलन घटते आणि थोड्या लॉगरांत काम होते. लॉगर खिडकीच्या उजेडाला दिवा समजून फसतो, म्हणून त्याची संवेदनशीलता दिवे बंद असताना भर दुपारी तपासून घ्यावी. मंद होणाऱ्या दिव्यांवर मात्र असा लॉगर लावण्यात अर्थ नाही. दिवा लागलेला आहे एवढेच त्याला कळते, किती लागलेला आहे ते कळत नाही.

मंद होणाऱ्या दिव्यांबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण सेन्सरसोबत तुमच्याकडे डिजिटल नियंत्रण असण्याची शक्यता आहे. अशा प्रणालीच्या पडद्यावर वीजवापराचे आलेख दिसतात आणि ते मोजलेले आहेत असा समज होतो. पुष्कळदा ते नोंदलेले वॉट गुणिले आदेशाची पातळी एवढेच असते. डाली या दिव्यांच्या डिजिटल नियंत्रणाच्या पद्धतीत पातळ्या २५४ पर्यंत असतात आणि नेहमीची आखणी लॉगरिदमी असते. २२९ या पातळीला सुमारे निम्मा प्रकाश मिळतो, तर मधल्या वाटणाऱ्या १२७ ला जेमतेम ३ टक्के. पातळीच्या प्रमाणात शक्ती धरणारे सॉफ्टवेअर म्हणूनच पार चुकते. शिवाय प्रकाश शून्याकडे गेला तरी ड्रायव्हरचे स्वतःचे नुकसान शून्य होत नाही. डाली-२ च्या भाग २५२ नुसार ऊर्जेची माहिती देणारे ड्रायव्हर असतील, तर ते स्वतःच शक्ती व ऊर्जा कळवतात आणि ती माहिती वापरण्यासारखी असते. ड्रायव्हर त्या प्रकारचे नसतील, तर एका दिव्यावर वॉटमीटर लावून १००, ७५, ५०, २५ आणि १० टक्के प्रकाशाला लागणारी शक्ती मोजावी आणि तो तक्ता हिशेबात घालावा. बंद अवस्थेतली शक्तीही त्याच वेळी नोंदवावी.

किती दिवस मोजावे, हा तुम्ही न विचारलेला पण महत्त्वाचा प्रश्न. दिवे केवळ बटणावर किंवा उपस्थितीवर चालत असतील, तर कामकाजाचे नेहमीचे तीन आठवडे मला पुरेसे वाटतात, मात्र त्यांत सुट्टीचे दिवस आले पाहिजेत आणि वर्षातल्या सुट्ट्यांच्या प्रमाणात त्यांना भार दिला पाहिजे. नैसर्गिक प्रकाशानुसार दिवे मंद होत असतील, तर तीन आठवड्यांच्या आकड्याला ५२ आठवड्यांवर ताणणे चूक आहे. सर्वांत लहान दिवसांच्या काळात, सर्वांत मोठ्या दिवसांच्या काळात आणि मधल्या काळात दोन-दोन आठवडे मोजावे. विषुववृत्तापासून जितके दूर, तितका या तिन्हींतला फरक मोठा. शक्य असेल तर वर्षभर मीटर ठेवणे सर्वांत उत्तम. नोंद दर १५ मिनिटांची असली तरी ऊर्जेच्या हिशेबाला पुरते. मी पहिल्यांदा पाहतो तो पहाटे ३ चा आकडा. इमारतीत कोणी नसताना जे किलोवॉट चालू आहेत, त्यांचे प्रत्येकाचे नाव सांगता आले पाहिजे: आणीबाणीचे दिवे, मार्गिका, ताटकळणारे ड्रायव्हर. नाव सांगता न आलेले किलोवॉट शोधण्यात घातलेला वेळ मला कधी वाया गेलेला आठवत नाही.

दिव्यांचा वापर घटला तरी एकूण बिलात तेवढीच घट दिसेल असे मात्र धरू नये. दिव्यांना दिलेली वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच राहते. ती कमी झाली की वातानुकूलनाचा भार थोडा उतरतो आणि खोल्या तापवाव्या लागणाऱ्या काळात तापवण्याचा भार थोडा चढतो. हा परिणाम खरा आहे, पण तो दिव्यांच्या मोजणीत मिसळू नये, वेगळा लिहावा.

तुमच्या इमारतीत मी कामाचा क्रम असा ठेवीन. पहिल्या दिवशी प्रत्येक प्रकारच्या दोन-तीन दिव्यांची खरी शक्ती, चालू आणि बंद दोन्ही अवस्थांत. त्याच आठवड्यात मजल्यांवर फिरून नियंत्रणाच्या गटांची यादी, प्रत्येक गटात किती दिवे आणि ते कशावर चालतात यासह. वेगळ्या सर्किटांवर उपमीटर, मिसळलेल्या सर्किटांच्या जागी लॉगर, आणि अहोरात्र जळणाऱ्या दिव्यांसाठी मोजणीऐवजी रात्री ११ वाजता एक फेरी, कारण ते चालू आहेत एवढेच पाहायचे असते. त्यानंतर मीटरची फेजवार तपासणी. तोवर कंत्राटदाराचे ७२,००० बाजूला ठेवावे आणि तुमचे ६४,८०० हे केवळ आरंभीचे गृहीतक मानावे.

डीबीवारी सर्किटांची यादी, सेन्सरवर असलेल्या दिव्यांची संख्या आणि ड्रायव्हरचे प्रकार तुम्ही इथे लिहिलेत, तर कोणत्या सर्किटवर किती अँपिअरचा सीटी लागेल आणि कोणत्या गटांत किती लॉगर पुरतील, हे मला तुमच्या इमारतीपुरते नेमके सांगता येईल.